शौलाच्या घरातील भाला

वाचन : १ शमुवेल १८:५–१६, १९:१–१७, २०:१–३४, अध्याय २४ व २६, मलाखी २:१३–१६



घरातील मारहाणीचा प्रश्न मंडळीत निघाला की आपण बहुधा इफिसकरांस पत्राचा पाचवा अध्याय उघडतो, आणि तोही नेमका बाविसाव्या वचनापासून. अत्यंत जुन्या काही ग्रीक हस्तलिखितांत त्या वचनात ‘अधीन असणे’ हे क्रियापदच नाही. ते आधीच्या वचनातून घ्यावे लागते, आणि तेथे तर सर्वांनीच एकमेकांच्या अधीन असावे असे सांगितले आहे. छापील प्रतींत या दोन वचनांमध्ये पुष्कळदा मथळा येतो व वाचकाला हा सांधा दिसत नाही. एवढे नमूद करून आपण तो अध्याय बाजूला ठेवू. या विषयावर अधिक शिकविणारा पाठ दुसरीकडे आहे. तो म्हणजे शौल राजाच्या घराचा वृत्तांत.

ही पतिपत्नीची कथा नव्हे, हे खरे. परंतु हे घरच आहे. दावीद या घरचा जावई, मीखल मुलगी, योनाथान मुलगा. अन् घरधन्याच्या हाताशी सदैव भाला. अठराव्या अध्यायात तो वीणा वाजविणाऱ्या दाविदावर भाला फेकतो. एकोणिसाव्यात योनाथान मध्यस्थी करतो, शौल परमेश्वराची शपथ घेतो, आणि दावीद पूर्वीप्रमाणे त्याच्यासमोर राहू लागतो. थोड्याच वचनांनंतर भाला पुन्हा भिंतीत रुतलेला आहे. चोविसाव्यात शौल मोठ्याने रडतो, दाविदाला ‘माझ्या पुत्रा’ म्हणतो. सव्विसाव्यात तोच तीन हजार निवडक माणसे घेऊन त्याच्या मागावर आहे. प्रहार, शपथ, अश्रू, काही दिवसांची शांतता आणि पुन्हा प्रहार. अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ लेनोर वॉकर यांनी १९७९ मध्ये मारहाण सोसणाऱ्या स्त्रियांच्या अनुभवांवरून असेच एक चक्र मांडले. आपल्या शास्त्रात ते फार पूर्वी लिहिलेले होते. वाचताना आपण ते राजकारण म्हणून वाचले.

योनाथानाकडे विशेष लक्ष द्या, कारण मंडळीतील पाळक, पंच व वडीलधारी मंडळी बहुधा त्याच्याच जागी उभी असतात. त्याचा हेतू निर्मळ होता. त्याने शपथेवर विश्वास ठेवला व दाविदाला परत आणून भाल्याच्या टप्प्यात बसविले. पुढे दावीद आपल्या जिवाला धोका असल्याचे सांगतो, तेव्हा योनाथान म्हणतो की असे होणे नाही, वडील मला सांगितल्यावाचून काहीच करीत नाहीत. ‘भाऊ तर सभेत इतके शांत असतात’ हे आपले नेहमीचे उद्गार याहून निराळे आहेत काय? योनाथानाचे डोळे उघडले ते भाला त्याच्या स्वतःच्या अंगावर आला तेव्हा. मीखलेने मात्र वाट पाहिली नाही. तिने त्याच रात्री दाविदाला खिडकीतून खाली सोडले.

आता सव्विसावा अध्याय. शौल झोपेत असता दाविदाने त्याला मारले नाही. उशाशी रोवलेला भाला उचलून नेला. जागा झाल्यावर शौल आपले पाप कबूल करतो आणि दाविदाला परत येण्याची विनवणी करतो. येथे मूळ इब्री क्रियापद ‘शूब’ आहे. परत फिरणे हा त्याचा अर्थ. आणि संदेष्टे पापापासून वळण्यासाठी, म्हणजे पश्चात्तापासाठी, हाच शब्द वापरतात. मराठीत आपल्याला दोन निराळे शब्द घ्यावे लागतात, म्हणून ही विसंगती भाषांतरात हरवते. ज्याने स्वतः ‘शूब’ करावयाचे तो दुसऱ्याला ‘शूब’ म्हणत आहे! दावीद भाला परत करतो, तोही स्वतः जवळ न जाता. एखाद्या तरुणाने येऊन घेऊन जावा म्हणतो. आणि तो आपल्या वाटेने जातो. क्षमा पूर्ण आहे, सूड नाही. पण तो त्या घरी परतत नाही. शास्त्र त्याला याबद्दल कोठेही दोष देत नाही.

मग मार खाऊन माहेरी आलेल्या बहिणीला ‘क्षमा कर आणि परत जा’ असे एका दमात सांगण्याचा अधिकार आपल्याला कोणी दिला? त्या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत.

येथे कोणी मलाखीचे वचन पुढे करील, की देवाला सूटपत्राचा वीट आहे. त्या वचनाचा पूर्वार्ध इब्रीत कठीण आहे, आणि द्वेष करणारा तो देव की पत्नीला टाकणारा पुरुष, याविषयी भाषांतरकारांत मतभेद आहेत. उत्तरार्धात मात्र ‘हामास’ हा शब्द स्पष्ट आहे. जलप्रलयापूर्वी पृथ्वी ज्या जुलमाने भरली होती, तोच हा शब्द. आणि सारा परिच्छेद पुरुषांना उद्देशून आहे. पुरुषांच्या जुलमाविरुद्धचे वचन आपण स्त्रीला जुलमात डांबून ठेवण्यासाठी वापरतो, हे मला शास्त्राचा गैरवापर वाटतो.

हा प्रश्न एका समाजाचा नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९–२१) १८ ते ४९ वयाच्या, विवाह झालेल्या स्त्रियांपैकी सुमारे २९ टक्के स्त्रियांनी पतीकडून शारीरिक वा लैंगिक हिंसा सोसल्याचे सांगितले. त्यात ज्या मराठी भगिनी इंदूर, हैदराबाद वा दिल्लीसारख्या परमुलखात नांदतात त्यांची अडचण अधिक. माहेर दूर, भाषा परकी, आणि आपली म्हणावी अशी जागा म्हणजे मंडळीच. २००५ चा कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायदा २६ ऑक्टोबर २००६ पासून लागू आहे व तो सर्व धर्मांच्या स्त्रियांसाठी आहे. केवळ पत्नीच नव्हे, आई, बहीण, मुलगीही त्याचा आधार घेऊ शकते. मारहाणीबरोबर शिवीगाळ, लैंगिक छळ व पैशाची कोंडी हीही त्यात हिंसाच आहे. न्यायदंडाधिकारी संरक्षणाचा आदेश देऊ शकतात, आणि राहत्या घरातून तिला बाहेर काढण्यास मनाई करू शकतात. १८६९ च्या ख्रिस्ती घटस्फोट कायद्यात पत्नीला केवळ क्रूरतेच्या कारणावर घटस्फोट मिळत नसे; २००१ च्या दुरुस्तीने ते स्वतंत्र कारण झाले. जिल्ह्याच्या संरक्षण अधिकाऱ्याचा पत्ता, महिला हेल्पलाइन १८१ व तातडीचा ११२ हे क्रमांक मंडळीच्या फलकावर, आणि शक्य तर स्त्रियांच्या प्रसाधनगृहाच्या दारामागेही लावावेत. तेथे ते कोणाच्या नजरेत न येता टिपून घेता येतात.

पाळकांसाठी एक व्यावहारिक सूचना. तक्रार कानी येताच पतिपत्नीला समोरासमोर बसवू नये. त्याच्यासमोर ती खरे बोलणार नाही, आणि बोललीच तर त्याची किंमत तिला घरी गेल्यावर मोजावी लागते. तिला एकटीला, शक्यतो स्त्रीच्या उपस्थितीत भेटावे. आज रात्री झोपण्यास सुरक्षित जागा आहे काय, मुले कोठे आहेत, कागदपत्रे कोणाजवळ आहेत, हे आधी विचारावे. तिने सांगितलेले तिच्या अनुमतीवाचून पतीच्या कानी जाता कामा नये. पतीशी निराळे बोलावे व त्याचे अश्रू पाहून घाई करू नये. शौलही रडला होता.

हा पाठ गटात घेताना पुरुषांचा व स्त्रियांचा गट वेगळा ठेवावा, आणि कोणालाही स्वतःचा अनुभव सांगण्याचा आग्रह करू नये. पुरुषांच्या गटाने विसावा अध्याय वाचून एवढाच प्रश्न चर्चेस घ्यावा : योनाथानाला हे आधी का दिसले नाही?