लहान संगणकाचा वारंवार तुटणारा संपर्क : दोष शोधण्याची पद्धत

ग्रामपंचायत कार्यालय असो, जिल्हा परिषदेची शाळा असो की तहसील कचेरीतील एखादी शाखा असो, टेबल अडवून बसणारा मोठा संगणक आता हळूहळू मागे पडत असून त्याची जागा तळहातावर मावेल एवढा लहान संच घेऊ लागला आहे. हा संच पडद्याच्या पाठीमागे बसविता येतो, त्याला वीज कमी लागते आणि जागा तर जवळजवळ लागतच नाही. ‘मिनी पीसी’ याच नावाने तो सर्वत्र ओळखला जातो. त्याच्याविषयीची एक तक्रार मात्र मोठी त्रासदायक आहे. केबल व्यवस्थित जोडलेली असते, वायफायचा प्रश्नच नसतो, तरीही दिवसातून पाचदहा वेळा संपर्क तुटतो आणि अर्ध्याएक मिनिटात आपोआप पूर्ववतही होतो. तंत्रज्ञ येऊन पाहतो तेव्हा सारे सुरळीत असते.

हा दोष वरकरणी किरकोळ वाटतो. खिडकीपाशी उभ्या असलेल्या माणसाला तो तसा वाटत नाही. दाखल्यासाठी एक दिवसाची मजुरी बुडवून तो आलेला असतो, अर्ज शेवटच्या पानापर्यंत भरून झालेला असतो आणि नेमक्या त्याच क्षणी संपर्क नसल्याची सूचना पडद्यावर उमटते. शुल्क भरताना असे घडले तर पैसे गेले पण पावती निघाली नाही, हा निराळाच घोळ निस्तरावा लागतो. २०२० साली ई-ग्रामस्वराज ही प्रणाली सुरू झाल्यापासून ग्रामपंचायतीचे आराखडे, हिशेब आणि देयके यांचे कामही याच तारेवर अवलंबून आहे. महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ अन्वये अधिसूचित सेवांना मुदत ठरवून दिलेली आहे आणि ती मुदत केबलचे दुखणे पाहून थांबत नाही.

अशा वेळी कार्यालयात सर्वसाधारणपणे जे घडते ते असे : प्रथम इंटरनेट पुरविणाऱ्यास दोष दिला जातो, मग संगणकातील सारी प्रणाली पुसून नव्याने भरली जाते आणि तेवढ्यानेही भागले नाही तर नव्या संचाची मागणी वर जाते. दोष कोठे आहे हे कळण्यापूर्वीच उपाय योजला गेल्यामुळे पैसा जातो आणि तक्रार राहते. वस्तुतः हा दोष शोधण्यास फार मोठे तांत्रिक ज्ञान लागत नाही. क्रमाने पाहण्याची सवय आणि एक वही एवढे साहित्य पुरते.

संपर्काची वाट

संगणकापासून बाहेरच्या जगापर्यंतची वाट एका ओळीत मांडता येते. मिनी पीसीमधील नेटवर्क कार्ड, त्यातून निघणारी केबल, ती जेथे जाते तो स्विच, त्यापुढील राउटर आणि त्यापलीकडे काचतंतूची तार. देशातील सुमारे अडीच लक्ष ग्रामपंचायती काचतंतूने जोडण्याची योजना केंद्र शासनाने २०११ मध्ये मंजूर केली. पुढे ‘भारतनेट’ या नावाने ती परिचित झाली आणि महाराष्ट्रात ‘महानेट’ हा तिचाच भाग होय. या योजनेची तार जेथे येऊन थांबते त्या पेटीच्या अलीकडचा भाग कार्यालयाचा आणि पलीकडचा भाग इतरांचा. तेव्हा पहिला प्रश्न एकच : संपर्क तुटतो तो अलीकडे की पलीकडे?

याचे उत्तर देणारा साक्षीदार संचाच्या मागेच असतो. केबल जेथे खोचली जाते त्या खाचेपाशी सामान्यतः एक बारीक दिवा असतो. संपर्क तुटण्याच्या वेळी हा दिवा विझला, तर दोष कार्ड, केबल किंवा स्विच यांपैकी एका ठिकाणी आहे. दिवा तेवत राहिला आणि तरीही काम थांबले, तर दोष पुढे, म्हणजे पत्त्याच्या वाटपात, राउटरमध्ये किंवा बाहेरच्या तारेत शोधावा. काही लहान संचांना हा दिवाच नसतो. तेथे केबलच्या दुसऱ्या टोकाचा, म्हणजे स्विचवरचा दिवा पाहावा.

दिवा सतत पाहत बसणे शक्य नसते हे खरे. त्यासाठी ‘पिंग’ ही आज्ञा उपयोगी पडते. या आज्ञेने संगणक दुसऱ्या यंत्राला हाक मारतो आणि उत्तर आले की नाही ते दाखवितो. दोन खिडक्या शेजारीशेजारी उघडून एकीत राउटरच्या पत्त्याला आणि दुसरीत बाहेरच्या एखाद्या कायम चालू असणाऱ्या पत्त्याला, उदाहरणार्थ गूगलच्या ८.८.८.८ या पत्त्याला, अखंड हाक मारण्यास सांगावे. दोन्ही उत्तरे एकदम थांबली तर दोष घरातला. केवळ बाहेरची थांबली तर आपल्या केबलला हात लावण्याचे कारण नाही. दोन्ही चालू असून संकेतस्थळे मात्र उघडत नसतील, तर नावावरून पत्ता शोधून देणारी सेवा अडलेली असते आणि राउटरमधील तेवढी एक नोंद बदलून काम भागते.

विजेचा लपंडाव

सर्व संगणकांचा संपर्क एकाच वेळी जात असेल तर प्रथम विजेची जोडणी पाहावी. पुष्कळ कार्यालयांत संगणक यूपीएसवर असतो आणि स्विच व राउटर मात्र भिंतीवरच्या साध्या सॉकेटवर असतात. वीज क्षणभर लुकलुकते, संगणकाला त्याचा पत्ताही लागत नाही, पण स्विच आणि राउटर बंद होऊन पुन्हा सुरू होतात आणि त्यात मिनिटदोन मिनिटे जातात. संगणक चालूच असल्यामुळे संशय विजेवर जात नाही. या दोन पेट्यांना वीज फार थोडी लागते; त्या यूपीएसवर घेतल्या की अनेक ठिकाणची तक्रार तेथेच संपते.

केबल : दिसते साबूत, असते मोडकी

एकाच संगणकाचा संपर्क जात असेल आणि दिवा विझत असेल, तर सर्वाधिक संशय केबलवर घ्यावा. आजच्या तारजोडणीचे मूळ असलेले ‘इथरनेट’ हे तंत्र १९७३ साली अमेरिकेत झेरॉक्स कंपनीच्या संशोधन केंद्रात जन्मास आले. तेव्हाची तार एकच आणि जाड असे. आजच्या केबलमध्ये आठ बारीक तारा असून त्यांच्या पीळ दिलेल्या चार जोड्या असतात. शंभर मेगाबिट वेगाला यांपैकी दोनच जोड्या लागतात. १९९९ साली प्रमाणित झालेल्या गिगाबिट वेगाला मात्र चारही लागतात. यातच पुष्कळ गूढ दडलेले आहे. जुन्या संगणकाला जी केबल वर्षानुवर्षे पुरली तीच मिनी पीसीला जोडताच संपर्क तुटू लागतो आणि दोष नव्या संचावर येतो. प्रत्यक्षात आठांपैकी एखादी तार आधीच सैल झालेली असते. जुन्या संगणकाला तिची गरजच नव्हती, इतकेच.

याची परीक्षा सोपी आहे. कार्डाच्या गुणधर्मांमध्ये वेग निवडण्याची सोय असते. तेथे तात्पुरता शंभर मेगाबिट वेग ठरवून द्यावा. संपर्क टिकू लागला तर केबल किंवा तिची टोके बदलावीत आणि वेगाची निवड पुन्हा ‘ऑटो’वर आणून ठेवावी. तसे न करता वेग बांधलेलाच ठेवला तर समोरचा स्विच तो पूर्णपणे ओळखू शकत नाही. तो एका वेळी एकाच दिशेने बोलण्याच्या पद्धतीवर जातो आणि संपर्क टिकला तरी काम रखडते.

केबल तपासताना डोळ्यांइतकाच बोटांचा उपयोग करावा. टोकावरची प्लास्टिकची जीभ मोडली असेल तर खाचेत घालताना ‘टक’ असा आवाज येत नाही आणि टेबल हलले की जोडणी सुटते. मिनी पीसी हलका असल्यामुळे जाड केबलच्या ओढीने संचच मागे सरकतो, हेही पाहण्यासारखे आहे. दाराच्या फटीत चेंगरलेली, कपाटामागे काटकोनात मुडपलेली, उंदरांनी कुरतडलेली किंवा विजेच्या तारांशी एकाच पट्टीतून नेलेली केबल संशयास्पद समजावी. एका टप्प्याची लांबी १०० मीटरपेक्षा अधिक नसावी. बाजारात तांब्याचा मुलामा दिलेल्या ॲल्युमिनियमच्या तारेची केबल स्वस्त मिळते. ती लवकर तुटते आणि तिचा विद्युतरोधही अधिक असतो. खरेदीच्या मागणीपत्रात ‘शुद्ध तांब्याची’ असे शब्द स्पष्ट लिहावेत. एका इमारतीतून दुसऱ्या इमारतीत उघड्यावरून तांब्याची केबल नेणे तर टाळावेच, कारण विजेच्या कडकडाटात दोन्ही टोकांची यंत्रे एकदम जातात. तेथे काचतंतूच योग्य.

वीजबचतीची अतिदक्षता

दुसरी चांगली केबल लावून आणि स्विचवरची खाच बदलूनही दिवा विझतच राहिला, तर लक्ष संचाकडे वळवावे. लहान संच वीज वाचविण्यासाठीच घडविलेले असतात आणि ही बचत कधी कधी अंगाशी येते. विंडोज प्रणालीत ‘डिव्हाइस मॅनेजर’मध्ये नेटवर्क कार्डाच्या नोंदीत ‘पॉवर मॅनेजमेंट’ हे पान असते. वीज वाचविण्यासाठी हे कार्ड बंद करण्याची मुभा संगणकाला असावी काय, असा प्रश्न तेथे असतो. त्यापुढची खूण काढून टाकावी. काही नव्या संचांत हे पान दिसत नाही. तेथे शेजारच्या ‘ॲडव्हान्स्ड’ या पानावर ‘एनर्जी एफिशियंट इथरनेट’ ही नोंद शोधून ती बंद करावी. २०१० साली प्रमाणित झालेल्या या सोयीमुळे तार रिकामी असताना कार्ड डुलकी घेते. स्विच आणि कार्ड यांचे याबाबत जमले नाही की डुलकीचे रूपांतर संपर्क तुटण्यात होते.

२.५ गिगाबिट वेगाची कार्डे आता अनेक मिनी पीसींमध्ये येतात. त्यांपैकी इंटेल कंपनीच्या आय-२२५ या कार्डाच्या आरंभीच्या आवृत्तीत काही स्विचांबरोबर माहितीचे तुकडे गळण्याचा दोष होता, हे २०२० साली उघड झाले. वेग एक गिगाबिटवर आणणे हा त्यावरचा तात्पुरता उपाय होता. कार्यालयाला बाहेरून मिळणारा वेग बहुधा त्याहून कितीतरी कमी असल्याने यात काहीही गमावत नाही. कार्ड चालविणारा ड्रायव्हर संच बनविणाऱ्याच्या किंवा कार्ड बनविणाऱ्याच्या अधिकृत संकेतस्थळावरूनच घ्यावा. आणखी एक बारकावा : विंडोजमध्ये ‘फास्ट स्टार्टअप’ चालू असेल तर ‘शट डाउन’ केल्याने प्रणाली पूर्णतः बंद होत नाही. बदलानंतर ‘रीस्टार्ट’च करावे.

एकच पत्ता, दोन धनी

दिवा तेवत असूनही राउटरकडून उत्तर येत नसेल तर पत्त्याचा गोंधळ संभवतो. राउटर प्रत्येक यंत्राला अंकी पत्ता वाटून देतो. पण हजेरीचे यंत्र, छपाईयंत्र किंवा कॅमेऱ्यांचा नोंदसंच बसविणाऱ्याने बहुधा हाताने एक पत्ता कायमचा लिहून ठेवलेला असतो. तोच पत्ता राउटरने संगणकालाही दिला की दोघांची भांडणे सुरू होतात. छपाईयंत्र चालू केले की संपर्क जातो, अशी चमत्कारिक तक्रार आली तर ती हसण्यावारी नेऊ नये. अशा यंत्रांचे पत्ते राउटरच्या वाटपाच्या कक्षेबाहेर ठेवावेत. संगणकाचा पत्ता १६९.२५४ ने सुरू होत असेल तर राउटरकडून त्याला पत्ता मिळालेलाच नाही, असे समजावे.

नोंदवही

एका वेळी एकच बदल करावा. केबल, खाच आणि ड्रायव्हर ही तिन्ही एकदम बदलली आणि दोष गेला, तर तो कशाने गेला हे कधीच कळत नाही आणि पुढच्या खोलीतील संचाला त्याचा उपयोग होत नाही. बदल केल्यावर किती वेळ वाट पाहावी यालाही हिशेब आहे. संपर्क सरासरी दोन तासांनी एकदा, पण अनियमितपणे तुटत असेल, तर वीस मिनिटे सुरळीत गेली याला काहीच अर्थ नाही. सहा तास न तुटता गेले, तरी तो निव्वळ योगायोग असण्याचा संभव शंभरात पाच इतका उरतोच. म्हणून निदान एक पूर्ण कामाचा दिवस द्यावा.

वहीत तारीख, वेळ, दिवा विझला की नाही, इतर संगणक चालू होते की नाही आणि त्या वेळी कोणते यंत्र सुरू झाले एवढ्या गोष्टी लिहाव्यात. संगणक स्वतःही अशी नोंद ठेवतो. विंडोजच्या ‘इव्हेंट व्ह्यूअर’मध्ये ‘सिस्टीम’ या सदराखाली पुष्कळ कार्डांची तार सुटल्याची वेळ सेकंदासह सापडते आणि लिनक्स प्रणालीच्या नोंदीत ‘लिंक इज डाउन’ असे शब्द दिसतात. वहीतील वेळ आणि ही वेळ जुळली तर तक्रारीसोबत दोन्हींची प्रत जोडावी. ‘नेट चालत नाही’ एवढ्या तक्रारीवर येणारा तंत्रज्ञ रिकाम्या हाताने येतो. ‘दुसरी केबल आणि दुसरी खाच वापरूनही एकाच संचाचा दिवा विझतो’ असे वाचून येणारा बदली कार्ड बरोबर घेऊनच निघतो.