नाताळचा जमाखर्च

नाताळ डिसेंबरच्या २५ तारखेस येतो, ही गोष्ट लहान मुलासही ठाऊक आहे; परंतु पगारदार माणसाच्या संसारांत तिचा अर्थ काय होतो, याचा विचार फारच थोड्या घरांत होतो. महिन्याच्या आरंभीं हातीं आलेला पगार २५ तारखेपर्यंत बहुतेक संपत आलेला असतो. दिवाळी तिथीनें येत असल्यामुळें कधीं पगाराजवळ, कधीं पगारापासून दूर पडते. नाताळास ती सवड नाहीं. सणाचा मोठा खर्च आणि खिशाची ओहोटी यांची गांठ दरवर्षीं त्याच आठवड्यांत पडते. जी अडचण बारा महिने आधीं तारखेसह ठाऊक असते, तिला अडचण म्हणावें कीं हयगय म्हणावी, हा प्रश्न आम्ही वाचकांवर सोंपवितों.

आपल्या मंडळ्यांत नाताळापूर्वींच्या चार रविवारांस आगमनकाळ म्हणतात. त्याचा पहिला रविवार २७ नोव्हेंबर ते ३ डिसेंबर यांच्या दरम्यान येतो. म्हणजे तेथून नाताळापर्यंत कमींत कमी २२ व जास्तींत जास्त २८ दिवस मिळतात. एवढ्या काळांत पगार एकच येतो. तेव्हां 'आगमनकाळ लागला, आतां नाताळचें पाहूं' असें म्हणणाऱ्या गृहस्थानें सर्व कांहीं त्या एका पगारांतून उभें करावयाचें आहे, हें पहिल्यानेंच ध्यानांत घ्यावें.

विद्यार्थिमित्रहो, उदाहरणादाखल एक घर कल्पूं. आई, वडील व दोन मुलें. महिन्याची प्राप्ति २४,००० रुपये. तुमचे पणजोबा असा हिशेब आण्यांत करीत असत. १ एप्रिल १९५७ रोजीं दशमान नाणें सुरू होण्यापूर्वीं रुपयाचे सोळा आणे होते, व सोळाचे अर्धे, पाव, अर्धपाव तोंडीं करितां येत असल्यामुळें निरक्षर बाईसही कोणत्या खर्चास किती आणे जातात हें नेमकें सांगतां येई. आणा गेला, पण ती रीत टाकण्याजोगी नाहीं. (पिकाचा अंदाज सरकार आतां पैसेवारीनें करितें, तरी शेतकरी अजून आणेवारीच म्हणतो.) आपल्या कल्पित घराचा एक आणा म्हणजे १,५०० रुपये. घरभाडें ६,००० रुपये, म्हणजे चार आणे गेले. किराणा, दूध व भाजी यांस १०,००० रुपये, म्हणजे जवळजवळ पावणेसात आणे. मुलांचें शिक्षण, येणेंजाणें, वीज, गॅस, फोन, औषधपाणी व मंडळीचें दान मिळून आणखी चार आणे. राहिले २,००० रुपये. सव्वा आण्याहून किंचित् अधिक.

आतां याच घराची नाताळची यादी पाहूं. चौघांचे कपडे ४,८००, फराळ २,६००, केक ९००, सणाचें जेवण १,५००, चांदणी व रोषणाई ५००, गांवीं जाण्यायेण्याचें भाडें १,७००, भेटी व गरिबांची पेटी १,०००. बेरीज १३,००० रुपये. या यादींत चैन म्हणावी असें कांहींच नाहीं, तरीही शिल्लक दोन हजारांची व खर्च तेरा हजारांचा. अकरा हजार कोठून यावयाचे?

येथें दोन वाटा फुटतात, व दोन्ही वाटांवरील अंकगणित तुमच्या वर्गांतलेंच आहे. पहिली वाट कर्जाची. हल्लीं तें काढणें फार सोपें झालें आहे. दुकानदारच हप्ते बांधून देतो, फोनवरच्या फोनवर पैसे मिळतात, सावकाराच्या ओसरीवर बसावें लागत नाहीं. समजा, अकरा हजार रुपये 'शेकडा फक्त १२' या दरानें वर्षाच्या बोलीनें घेतले. देणारा संपूर्ण मुदलावर वर्षाचें व्याज १,३२० आकारतो, १२,३२० रुपयांचे बारा हप्ते पाडतो, व दरमहा सुमारें १,०२७ रुपये वसूल करितो. यांत मेख कोठें आहे ती पाहा. तुम्ही दर महिन्यास मुदलाचा बारावा भाग परत करीत आहां, म्हणजे वर्षभर अकरा हजार तुमच्याकडे नसतातच. सरासरीनें सहा हजारांच्या आंतच असतात. व्याज मात्र पुऱ्या अकरा हजारांवर दिलें जातें. नीट हिशेब केल्यास खरा दर शेकडा २१ ते २२ च्या दरम्यान येतो. म्हणून कर्ज घेतांना 'दर काय?' एवढेंच न विचारतां, 'व्याज संपूर्ण मुदलावर कीं उरलेल्या मुदलावर?' असें विचारावें. हा एक प्रश्न आपल्या प्रत्येक विद्यार्थ्यास विचारतां यावा, असें आम्हांस मनापासून वाटतें. पुष्कळ घरांतून कागद वाचणारें पहिलें माणूस तोच असतो.

शिवाय पुढचा नाताळ आला म्हणजे मागील नाताळचा शेवटचा हप्ता नुकताच फिटलेला असतो, आणि पुन्हां अकरा हजार हवेच असतात. असें घर सण साजरा करितें खरें, पण नेहमीं गेल्या वर्षाचा.

दुसरी वाट शिलकेची. जानेवारी ते नोव्हेंबर हे अकरा महिने दरमहा १,००० रुपये बाजूस टाकिले तर अकरा हजार होतात. त्यांत डिसेंबरची शिल्लक दोन हजार मिळविली कीं यादीचे तेरा हजार पुरे झाले. हप्ता भरण्यास १,०२७ लागतात व शिल्लक टाकण्यास १,०००! जें घर कर्जाचा हप्ता भरूं शकतें तें शिल्लकही टाकूं शकतें. भेद एवढाच कीं, सुरुवात नाताळाच्या आधीं करावयाची कीं नंतर.

नाताळसाठीं वर्षभर थोडें थोडें सांठविण्याची कल्पना नवी नाहीं. अमेरिकेंत पेन्सिल्वेनियामधील कार्लाईल या गांवच्या एका ट्रस्ट कंपनीनें १९०९ सालीं अशी ठेव सुरू केली, व पुढें ती रीत त्या देशांतील इतर बँकांतून पसरली. आपल्याकडे भिशी आहे. दहा घरें दरमहा ठराविक रक्कम जमवितात व पाळीपाळीनें एकेकास सर्व मिळते. डिसेंबरची पाळी कोणाची यावरून होणारे रुसवेफुगवे आम्हीं पाहिले आहेत. तरी ओळखीच्या माणसांत भिशी बरी चालते. मात्र पैसा सांठविणें जितकें महत्त्वाचें तितकेंच तो कोठें सांठवावा हें महत्त्वाचें. ब्रिटनमध्यें फेअरपॅक नांवाची कंपनी लोकांकडून वर्षभर पैसे घेऊन नाताळांत खरेदीच्या पावत्या व जिन्नस देत असे. २००६ सालच्या ऑक्टोबरांत, सण दोन महिन्यांवर असतां, ती बुडाली, आणि लाखाहून अधिक गिऱ्हाइकांची वर्षाची पुंजी अडकली. तीं माणसें उधळीं नव्हतीं; उलट, काटकसरी होतीं म्हणूनच बुडालीं. आपल्या जिल्ह्याजिल्ह्यांतून पतसंस्था आहेत, व त्यांचें व्याज बँकेपेक्षां थोडें अधिक असतें. पण बँकेंतील ठेवीस ५ लाख रुपयांपर्यंत विम्याचें संरक्षण आहे (ही मर्यादा फेब्रुवारी २०२० पासून वाढली), तें पतसंस्थेंतील ठेवीस नाहीं. शंभराला दोन रुपये जास्त मिळावेत म्हणून मुलांच्या कपड्यांचे पैसे धोक्यांत घालणें आम्हांस तरी शहाणपणाचें वाटत नाहीं.

आतां, ज्या घरांत ते दोन हजारही उरत नाहींत, त्यांचें काय? येथें उपदेशाची लेखणी जपून चालवावी लागते. नगर व बीडकडील कित्येक कुटुंबें दिवाळीच्या सुमारास उचल घेऊन ऊसतोडीस जातात, आणि त्यांतील ख्रिस्ती कुटुंबांचा नाताळ कारखान्याच्या तळावर, पाचटाच्या कोपींत होतो. उचल आधींच खर्चून गेलेली, व ती अंगमेहनतीनें फेडावयाची. अशा घरास 'बचत करा' म्हणणें म्हणजे उपाशी माणसास हळू चावून खा म्हणून सांगण्यासारखें आहे. तेथें उपयोगी पडते ती यादीची छाटणी, आणि ती शेजाऱ्यांनींही केली तर. एकट्या गरीब घरानें कपडे न घेतल्यास तें डोळ्यांवर येतें; पण सारी आळी सुताचे साधे कपडे घालून उपासनेस आली, तर कोणाचें कोणाकडे लक्ष जात नाहीं. ज्यांना परवडतें त्यांनीं हात आंखडावा तो याकरितां; केवळ आपल्या तिजोरीकरितां नव्हे.

यादींत सर्वांत मोठी रक्कम कपड्यांची आहे, आणि खर्च कमी होण्यास वावही तेथेंच आहे. वाढत्या मुलाचा कपडा एका नाताळापासून दुसऱ्यास पुरत नाहीं. म्हणून शिवतांना शिवणींत व दुमडींत कापड राखावें, म्हणजे वर्षभरानें सोडतां येतें. शिंप्याकडे कापड नोव्हेंबरच्या मध्यास द्यावें. डिसेंबरांत तो घाईची मजुरी मागतो. वडील माणसांनीं दर वर्षीं नवे कपडे घेतलेच पाहिजेत असा नियम आमच्या पाहण्यांत कोठेंही नाहीं.

फराळाविषयीं आम्ही भगिनींस शिकवूं लागलों तर हंसें होईल, तथापि त्यांच्याकडूनच शिकलेल्या दोन गोष्टी सांगतों. शंकरपाळे व चिवडा हे दोनतीन आठवडे टिकतात, ते आधीं करावे. करंज्यांचें सारण सुक्या खोबऱ्याचें असेल तर त्या टिकतात. ओल्या नारळाच्या करंज्या दोन दिवसांत संपवाव्या लागतात, सबब त्या आदल्या दिवशींच कराव्या. कढईंत प्रथम गोड जिन्नस तळावे, चकली मागाहून. तिखटामिठानें तेल लवकर काळें पडतें व पुन्हां नवें घ्यावें लागतें. केकसाठीं सुका मेवा दिवाळीच्या गर्दींत न घेतां ती ओसरल्यावर घ्यावा व तो भिजत घालावा. अंडीं थंडींत महागतात, याची तजवीज अंदाजपत्रकांत असावी. पीठ घरीं कालवून बेकरींत भाजून आणण्याची जुनी पद्धत कांहीं ठिकाणीं अजून आहे. तयार केकापेक्षां ती स्वस्त पडते, आणि भट्टीपुढें रांगेंत उभें राहण्याची मजा मुलांस फुकट मिळते. सणाच्या जेवणांत वाटाणा, गाजर, मेथी, वालपापडी यांस अग्रस्थान द्यावें. डिसेंबरांत यांसारखें ताजें व स्वस्त दुसरें कांहीं नसतें.

चांदणी घरीं करावी. बांबूच्या कामट्यांचा सांगाडा चारपांच वर्षें सहज टिकतो, दरवर्षीं फक्त पतंगी कागद नवा लागतो. आंत दिवा कोणता लावावा, याचा हिशेब मुलांनींच करावा. ४० वॅटचा जुना दिवा रोज ६ तास, याप्रमाणें २५ दिवस जळला तर ६ युनिट वीज जाते. ५ वॅटचा एलईडी तितकाच जळला तर पाऊण युनिट.

राहिली भेटी व गरिबांची पेटी. काटछाट करूं लागलें म्हणजे पहिली कात्री बहुधा या रकमेवर चालते, कारण तिची तक्रार करणारें घरांत कोणी नसतें. आमचें मत असें कीं, ही रक्कम जेवढी लहान ठरेल तेवढी ठरवावी, पण यादीच्या माथ्यावर लिहावी. तळाशीं लिहिलेली रक्कम उरत नाहीं.

हें अंदाजपत्रक मुलांसमोर मांडावें कीं नाहीं, याविषयीं पालकांत मतभेद आहेत. मुलांचें बाळपण पैशाच्या विवंचनेनें झांकोळूं नये, हें खरें. परंतु बारा-तेरा वर्षांच्या मुलास घरांतील ओढाताण न सांगतांही कळतेच. कळत नाहीं ती रक्कम, आणि रक्कम न कळल्यामुळें तें मूल एक तर भलतेंच मागतें, किंवा भीतीनें कांहींच मागत नाहीं. 'तुझ्या कपड्यांस ९०० रुपये आहेत, कसे खर्चावेत तूं सांग' असें म्हटल्यावर मुलें किती जबाबदारीनें वागतात, याचा अनुभव ज्यांनीं घेतला आहे त्यांना अधिक सांगावयास नको.

आवर्ती ठेवीचें खातें उघडतांना मुदत पाहून घ्यावी. टपालखात्याची आवर्ती ठेव पांच वर्षांची असते, ती या कामास जुळत नाहीं. बँकेंत नऊ महिन्यांची मुदत घेतल्यास १,२२५ रुपयांच्या नऊ हप्त्यांत अकरा हजारांवर पंचवीस रुपये होतात. खातें मार्चच्या आरंभीं उघडिलें तर मुदत डिसेंबरच्या आरंभीं भरते, आणि जानेवारी-फेब्रुवारीची शिल्लक परीक्षेच्या फीस व वह्यापुस्तकांस मोकळी राहते. हप्ता पगाराच्या दुसऱ्या दिवशीं आपोआप वळता व्हावा असें बँकेस लिहून देतां येतें. अर्ज आईवडिलांच्या नांवें असला तरी तो विद्यार्थ्यानें स्वतः भरून द्यावा व सहीपूर्वीं त्यांस वाचून दाखवावा. त्यांत पश्चात् पैसे कोणास मिळावेत हें लिहिण्याचा एक रकाना असतो; तो रिकामा सोडूं नये.