काळ्या मातीसाठी गमबूट कसे निवडावेत?

प्रश्न : मेहकर तालुक्यात आमचं सोयाबीन आहे. गेल्या वर्षीचे गमबूट टाचेला घासायचे, शिवाय एका हंगामातच चिरले. आता काय पाहून घेऊ?

उत्तर : दादा, आपल्या काळ्या मातीचा चिखल बूट धरून ठेवतो. बूट सैल असेल तर पाय वर येतो, बूट खालीच राहतो आणि टाच सोलली जाते. म्हणून संध्याकाळी, पाय थोडे फुगलेले असताना, जाड सुती मोजे घालून माप घ्या. पाय पुढे सरकवल्यावर टाचेमागे एक बोट मावलं, की माप बरोबर.

पीव्हीसीचा बूट स्वस्त, पण कडक. रबराचा महाग, पण लवचिक. घेताना घोट्याजवळ वाकवून पाहा. पांढरी रेघ उमटली, तर तिथेच चीर पडेल. तळाचे खाचे खोल आणि दूरदूर हवेत, म्हणजे चिखल झडतो. उंची गुडघ्याच्या जरा खाली असावी. घोणस बहुधा पायालाच चावते. तिथे हा मोठा आधार आहे. तरीही साप चावलाच, तर वेळ न दवडता दवाखाना गाठा.

फवारणी करताना पँट बुटावरून सोडा, आत खोचू नका. नाहीतर औषध ओघळून आत जातं. संध्याकाळी बूट धुऊन सावलीत उलटे टांगा, उन्हात रबर तडकतं. सकाळी झटकल्याशिवाय पाय घालू नका, आत विंचू असू शकतो.