जुनी फटफटी डोलूं लागली म्हणजे

विद्यार्थिमित्रहो, गेल्या वर्षीं जून महिन्यांत, शाळा उघडण्याच्या आठवड्यांत, माझ्या धाकट्या मुलीस मागें बसवून व वह्यापुस्तकांचें जड गाठोडें कॅरिअरला बांधून मी आमच्या जुन्या फटफटीवरून घरीं येत होतों. रस्ता सरळ होता, वाराही नव्हता. वेग ताशीं ६० किलोमीटरच्या सुमारास पोंचला तोंच गाडी डोलूं लागली. मुलीनें माझा सदरा घट्ट धरून विचारलें, “बाबा, गाडी अशी कां हालते?” मीं उत्तर दिलें, “हँडल सैल झालें असेल.”

त्या दिवशीं प्रभुकृपेनें आम्ही सुखरूप घरीं पोंचलों. परंतु माझें उत्तर चुकीचें होतें, आणि त्या चुकीनें पुढें जवळजवळ अपघातच व्हावयाचा. तो प्रसंग सांगण्यापूर्वीं, दोन चाकांची गाडी मुळांत उभी कशी राहते, हें आपण थोडें समजून घेऊं.

तळहातावर काठी उभी धरण्याचा खेळ तुम्हीं खेळलांच असाल. काठी उजवीकडे कलली कीं आपण हातही उजवीकडे नेतों. आधार भाराखालीं गेला कीं काठी सांवरते. फटफटीचेंही असेंच आहे. ती ज्या बाजूस कलते त्याच बाजूस तिचें हँडल किंचित् वळतें, त्यामुळें चाकें भाराखालीं येतात आणि गाडी सावरते. हें वळणें बरेंचसें आपोआप होतें. फोर्कचा दांडा मागें कललेला असतो. त्याची रेषा जमिनीपर्यंत वाढविली, तर टायर जेथें टेकतो त्याच्या कांहीं बोटें पुढें ती जमिनीस मिळते. म्हणून पुढचें चाक त्या रेषेच्या मागोमाग ओढलें जातें व सरळ राहूं पाहतें. शिवाय फिरतें चाक हें भोवऱ्यासारखें असल्यामुळें, गाडी कलतांच तेंही त्याच बाजूस वळूं लागतें.

ह्या विषयाचा विचार विद्वानांनीं फार पूर्वींपासून केला आहे. १८६९ सालीं रँकिन ह्यांनीं दुचाकीच्या गतीवर लेख लिहिले. १८९९ सालीं केंब्रिजच्या व्हिपल ह्यांनीं तिचें गणित मांडलें. १९७१ सालीं रॉबिन शार्प ह्यांनीं मोटारसायकलच्या अस्थिरतेचे प्रकार गणितानें वेगळे करून दाखविले. २०११ सालीं तर संशोधकांनीं अशी एक लहान दुचाकी बनविली कीं, तींत वर सांगितलेले दोन्ही गुण काढून टाकले होते, तरी ती ढकलली असतां आपली आपण सावरून चाले. तात्पर्य, गाडीचें सावरणें हें कोणा एका भागाचें काम नव्हे. तें सर्वांच्या मेळाचें फळ आहे. मात्र त्या मेळांत हँडलास मोकळेपणानें वळतां आलें पाहिजे, ही गोष्ट ध्यानांत ठेवा. मी नेमका तेथेंच चुकलों.

दुसऱ्या दिवशीं मीं एका कारागिराकडून हँडलचा नट आग्रहानें घट्ट आवळून घेतला. परिणाम असा झाला कीं, बाजारांत सावकाश चालवितांना गाडी एका रेषेंत जाईना. ती झिंगलेल्या माणसासारखी इकडून तिकडे जाऊं लागली. कारण हँडल जखडल्यामुळें तिला स्वतःस सावरतां येईना. आणि मोठ्या वेगांतील डोलणें तर मुळींच थांबलें नाहीं. आठ दिवसांनीं एका पुलाच्या उतारावर वळणांत गाडी अशी डोलली कीं, कठड्यास लागतां लागतां मी वांचलों. त्या दिवशीं मुलगी बरोबर नव्हती, ह्याबद्दल मीं देवाचे आभार मानले.

मग मी एका वृद्ध मिस्त्रींकडे गेलों. त्यांनीं पान्यास हातही न लावतां चार प्रश्न विचारले. “गुरुजी, नुसतें हँडल थरथरतें कीं सबंध गाडी डोलते? किती वेगाला? मागें ओझें किती असतें? आणि हें कधींपासून?” ह्या चार प्रश्नांतच अर्धें निदान आहे.

पहिला प्रश्न दुखण्याची जात सांगतो. मध्यम वेगांत, विशेषतः वेग कमी होत असतां, केवळ हँडल सेकंदास सुमारें सहा ते दहा वेळां थरथरत असेल, तर दोष बहुधा पुढें असतो: टायर वेडावांकडा झिजलेला, चाक आउट झालेलें, किंवा हँडलचे बॉलरेसर सैल पडलेले. उलट, वेग वाढल्यावर सबंध गाडीच सेकंदास दोन-तीन झोके घेत माशाच्या शेपटीप्रमाणें डोलूं लागली, तर आधीं मागें पाहावें: मागच्या टायरांत हवा कमी, स्विंग आर्मचे बुश झिजलेले, शॉकअब्सॉर्बर निकामी, किंवा कॅरिअरवर फार ओझें. गाडी सतत एकाच बाजूस ओढत असेल, तर मागचें चाक तिरपें बसलें असावें, अथवा एखाद्या पडझडींत फोर्क वा सांगाडा वांकला असावा. ब्रेक दाबतांच पुढें ‘टक्’ असा आवाज येत असेल, तर बॉलरेसर सैल असण्याचा संभव मोठा.

आमची गाडी दुसऱ्या जातीची रोगी होती. परंतु माझे हात हँडलावर असल्यामुळें डोलणें मला हातांत जाणवलें, आणि मीं दोष हँडलास दिला. दाढ किडली असतां कधीं कधीं कान दुखतो, तसाच हा प्रकार.

आतां परीक्षेचा क्रम सांगतों. ह्यांतील बरीचशी परीक्षा सुटीच्या दिवशीं अंगणांत होऊं शकते, आणि मोठ्या मुलांनीं वडिलांस तींत मदत करावी. आरंभ नेहमीं स्वस्त गोष्टीपासून करावा. गाडी थंड असतां टायरांतील हवा मोजून ती गाडीच्या पुस्तकांतील आंकड्याशीं ताडून पाहावी. टायर मधोमध चपटा झाला आहे काय, बाजूंस भेगा आहेत काय, तें पाहावें. टायरवर चार आंकड्यांची खूण असते. ‘२३१९’ म्हणजे २०१९ सालचा २३ वा आठवडा. नक्षी शाबूत असली तरी जुना रबर कडक होतो, हें विसरूं नये.

नंतर गाडी मधल्या स्टँडवर उभी करून, रिमजवळ पेन्सिल स्थिर धरून चाक फिरवावें. पेन्सिल व रिम ह्यांतील अंतर कमीजास्त होत असेल तर चाक आउट आहे. प्रत्येक आऱ्यावर हलकेच टिचकी मारावी. ताणलेला आरा खणखणीत वाजतो, सैल आरा बद्द वाजतो. मागचें चाक दोन्ही हातांनीं धरून आडवें हालवावें; स्विंग आर्म त्याबरोबर हालला तर बुश झिजले आहेत असें समजावें. मग दोन्ही बाजूंनीं मागच्या टायरला लावून एक एक दोरी पुढच्या चाकापर्यंत ताणावी. पुढचें चाक सरळ ठेवलें असतां दोन्हींकडील फट सारखी आली पाहिजे.

शेवटीं पुढचें चाक अधांतरी करून फोर्कचीं खालचीं टोकें पुढेंमागें ओढून पाहावीं; खडखड लागूं नये. हँडल किंचित् ढकललें कीं तें आपल्या भारानेंच एका बाजूस गेलें पाहिजे. तें मध्यावर अडकत असेल, तर बॉलरेसरांत खळगे पडले आहेत; ते बदलावेत, आवळून भागत नाहीं.

आणखी एक नियम: एका वेळीं एकच गोष्ट बदलावी, आणि मग रिकाम्या रस्त्यावर, शिरस्त्राण घालून, थोड्या वेगानें पाहावें. चार गोष्टी एकदम बदलल्या तर गुण कशानें आला हें कधींच कळत नाहीं. परीक्षेसाठीं हँडलावरचे हात सोडण्याचें धाडस कोणीं करूं नये. चालतां चालतां गाडी डोलूं लागलीच, तर एकदम ब्रेक मारूं नये, हँडलाशीं झुंजूं नये. हँडल धरून पण हात सैल ठेवून वेग हळूहळू उतरूं द्यावा.

आमच्या गाडींत काय निघालें? मिस्त्रींच्या चौथ्या प्रश्नावरून मला आठवलें कीं, मागच्या चाकाचें पंक्चर काढल्यापासून हें सुरू झालें होतें. दोरी लावून पाहतां चाक तिरपें बसलेलें आढळलें. बुशही झिजलेले होते. बुश नवे घातले, चाक सरळ केलें, हँडलचा नट पुन्हां योग्य तितका सैल केला. गाठोडें आतां पाठीमागें न बांधतां दोन भागांत, खालीं व पुढें, घेतों. गाडी तेव्हांपासून स्थिर आहे.

पालकहो, जें घट्ट असावें तें सैल झालें होतें, आणि जें मोकळें असावें तें मीं घट्ट केलें होतें. मुलांच्या बाबतींतही आपल्या हातून असें होत नाहीं ना, हें प्रत्येकानें आपल्या घरीं तपासून पाहावें. आणि विद्यार्थ्यांनो, दोष जेथें जाणवतो तेथेंच तो असतो असें धरून चालूं नका. आधीं प्रश्न विचारा, मग पाना हातीं घ्या. माझ्या मुलीस तिच्या प्रश्नाचें खरें उत्तर मीं आठ दिवस उशिरां दिलें, तिनें तें शांतपणें ऐकलें व म्हणाली, “म्हणजे बाबा, हँडलाची कांहींच चूक नव्हती.”