*कांदा लागवडीत कंबर सांभाळा*



रब्बी कांद्याची लागवड सुरू आहे. खत-पाण्याचे संदेश तुम्हाला मिळतच आहेत, आजचा संदेश कंबरेचा. १५ बाय १० सेंटिमीटरवर लावलं तर एका गुंठ्यात साडेसहा हजारांच्या आसपास रोपं बसतात. तेवढ्या वेळा हात मातीत जातो आणि तेवढा वेळ पाठ ओणवी राहते. भर लागवडीत घरातल्या एकाच्या कंबरेत उसण भरली, की उपटलेली रोपं तशीच पडून राहतात. मजूर तर आधीच मिळत नाहीत.

*दुखतं कशामुळे?* दोन मणक्यांच्या मध्ये एक गादी असते. पाठ सरळ असताना गादीवर सगळीकडून सारखं वजन येतं. पाठ गोल करून वाकलं की गादीची पुढची कड दाबली जाते आणि ती मागे ढकलली जाते. मागेच पायाकडे जाणाऱ्या नसा आहेत. म्हणून दुखणं कंबरेत असलं तरी कळ पोटरीपर्यंत उतरते. बहुतेक वेळा त्रास होतो तो सगळ्यात खालच्या दोन गाद्यांना.

*वाकायचं ते खुब्यातून.* गुडघे थोडे सैल सोडा, मागे खाट आहे आणि तिच्यावर टेकायचंय असं समजून बूड मागे न्या. पाठ सरळ राहते. घरच्या कोणाला तरी बाजूने फोटो काढायला सांगा. पाठ फळीसारखी दिसते की धनुष्यासारखी, ते लगेच कळेल.

आता खरं सांगायचं तर रोप लावताना दिवसभर असं वाकणं कोणालाच जमत नाही. हात जमिनीला लावायचाच आहे. तिथे उपाय एकच, पाठ फार वेळ एकाच स्थितीत ठेवायची नाही. वाफा संपला की, किंवा वीसेक मिनिटांनी, उभं राहा. हात कंबरेवर ठेवून चार-पाच वेळा हळूच मागे वाका. मिनिटभराचं काम आहे. मजूर बायांनाही तो मिनिट द्या, त्यात रोज बुडत नाही. रोपं उपटणं, पोचवणं आणि लावणं ही कामं आलटून-पालटून करा. लावणीला दिवसभर बायाच आणि रोपं पोचवायला गडी, ही वाटणी बदलायला हरकत नाही.

*पहाटेची गोष्ट बऱ्याच जणांना माहीत नसते.* रात्री झोपेत गादी पाणी धरते आणि फुगते. त्यामुळे सकाळी पाठ आखडलेली असते आणि वाकल्यावर गादीवर ताण जास्त येतो. उठल्या उठल्या शेणाची पाटी किंवा दुधाचा कॅन उचलू नका. आधी अर्धा-पाऊण तास चालतं-फिरतं राहा, चहा घ्या, मग वजनाला हात घाला.

*गोणी आणि पंप.* युरियाची गोणी ४५ किलोची, डीएपीची ५० ची. गोणी अंगापासून जितकी लांब, तितका कंबरेवर भार जास्त. पोटाशी धरा, शक्यतो दोघांनी उचला, आणि वळताना कंबर न पिळता पाय वळवा. ट्रॉलीतली गोणी जमिनीवर टाकून पुन्हा उचलण्यापेक्षा थेट खांद्यावर घ्या.

१६ लिटरचा पंप भरला की वीस किलोच्या वर जातो. तो ओट्यावर किंवा उलट्या ड्रमवर ठेवून भरा आणि तिथूनच पाठीवर घ्या. दोन्ही पट्टे घट्ट हवेत. वजन झेपत नसेल तर १२ लिटरच भरा, *पण औषधाचं मापही त्याच हिशोबाने कमी करा.*

*ट्रॅक्टरवाल्यांनी* मागचं अवजार बघताना नुसती मान न पिळता खांद्यासकट वळावं. तासन् तास हादरे खाल्ल्यावर उडी मारून उतरू नये, लगेच गोणी उचलू नये.

मान मोबाईलनेही दुखते. डोकं साधारण पाच किलोचं असतं, ते जितकं पुढे झुकेल तितका मानेवर ताण. हा संदेश वाचतानाच फोन थोडा वर धरा.

*दुखायला लागलं तर* एक-दोन दिवस जड काम बंद ठेवा, पण अंथरूण धरू नका. थोडं थोडं चालल्याने लवकर बरं वाटतं. कंबरपट्टा जड कामापुरता ठीक, दिवसभर नको. दुकानातून आणलेल्या वेदनाशामक गोळ्या उपाशीपोटी आणि उन्हात पाणी न पिता घेत राहिल्यास पोट आणि किडनी दोन्हीला धोका. पायाला मुंग्या किंवा बधिरपणा असेल तर कोणाकडूनही पाठ तुडवून किंवा झटका देऊन घेऊ नका, आधी डॉक्टरांना दाखवा.

⚠️ पायातली ताकद जाणं, चालताना पाऊल घसटणं, बसायची जागा बधिर होणं, लघवी तुंबणं किंवा लघवी-संडासवरचा ताबा सुटणं, यातलं काहीही झालं तर सकाळची वाट बघू नका. त्याच दिवशी, रात्र असली तरी, मोठ्या दवाखान्यात जा. गाडी नसेल तर १०८ ला फोन करा, ती रुग्णवाहिका मोफत आहे.