घरच्या घरी स्पोर्ट्स कार : आधी गुण्या, मग इंजिन

आमच्या सिडकोतल्या घराच्या पार्किंगमध्ये गेले आठ महिने एक लोखंडी सांगाडा उभा आहे. शेजारच्या काकूंना वाटतं आम्ही गच्चीवर शेड टाकतोय. पेपरवाल्याने तर सरळ विचारलं, "ताई, कोंबड्या पाळणार का?" मित्रमैत्रिणींनो, तो पिंजरा म्हणजे एक स्पोर्ट्स कार आहे. म्हणजे व्हायची आहे. या लेखात ती कशी बांधायची ते सांगणार आहे, आणि पहिल्या वेळी मी ती कशी बिघडवली तेही.

ज्या गाडीची ही नक्कल आहे तिचं नाव लोटस सेव्हन. इंग्लंडच्या कॉलिन चॅपमन यांनी ती १९५७ मध्ये आणली. लांब नाक, दोन सीट, दारं नाहीत, पुढची चाकं अंगाबाहेर काढलेली. बाकी जे नसलं तरी चालेल ते काढून टाकलेलं. त्या काळी ब्रिटनमध्ये तयार गाडीवर खरेदी कर लागायचा, पण सुट्या भागांच्या किटवर लागायचा नाही. त्यामुळे लोक किट घेऊन घरच्या गॅरेजमध्ये गाडी जोडायचे. अट अशी होती म्हणे, की किटबरोबर जोडणीच्या सूचना द्यायच्या नाहीत. मग कंपनीने गाडी सुटी कशी करावी याच्या सूचना दिल्या आणि लोकांनी त्या उलट्या वाचल्या! ही गोष्ट सगळे सेव्हनवाले फार आवडीने सांगतात. १९७३ मध्ये ब्रिटनमध्ये व्हॅट आला, करातला फायदा संपला आणि त्याच वर्षी सेव्हनचे हक्क केटरहॅमकडे गेले. गाडी मात्र संपली नाही. १९९६ मध्ये रॉन चॅम्पियन या शिक्षकाने अडीचशे पौंडांत स्वतःची स्पोर्ट्स कार बांधा अशा अर्थाच्या नावाचं पुस्तक लिहिलं आणि किटचीही गरज उरली नाही. एक इंची चौकोनी पाइप, जुन्या फोर्ड एस्कॉर्टचे भाग आणि वेल्डिंग मशीन एवढ्यावर काम होऊ लागलं.

हे फक्त गोऱ्यांचं वेड आहे असं समजू नका. आपल्या महाराष्ट्रात, अलिबागजवळ, चिंकारा मोटर्सने सेव्हनच्या धर्तीवर रोडस्टर बांधली. बॉडी फायबरग्लासची आणि इंजिन १.८ लिटरचं इसुझू. हेच इंजिन आपल्या अँबॅसडरमध्येही यायचं! म्हणजे सरकारी साहेबांच्या गाडीचं हृदय काढून रेसिंगच्या अंगात बसवलं. मला हे वाचून इतका आनंद झाला की दुसऱ्या दिवशीचा थर्मोडायनॅमिक्सचा पेपर तसाच गेला.

आणि आपलं शहर? २००१ पासून शेंद्र्यात स्कोडाच्या ऑक्टाव्हिया अशाच जोडल्या गेल्या. भाग पेट्यांमधून आले आणि गाडी इथे उभी राहिली. इंडस्ट्रीत त्याला सीकेडी म्हणतात. आपल्यापैकी कित्येकांचे बाबा-काका अशा लाइनवर नाहीतर वाळूजला बजाजच्या व्हेंडरकडे काम करतात. म्हणून मला वाटलं, आपल्याला काय अवघड आहे? भाग गोळा करायचे आणि जोडायचे. हाच माझा पहिला गैरसमज. किट म्हणजे भागांची पेटी नव्हे, पण ते पुढे येईलच.

आधी इंजिनचं ठरवलं. सेव्हनमध्ये इंजिन पुढे, लांबीच्या दिशेने आणि ताकद मागच्या चाकांना. आपल्याकडच्या बहुतेक छोट्या गाड्यांचं इंजिन आडवं असतं आणि पुढची चाकं फिरवतं. ते इथे उपयोगाचं नाही. स्वस्तात मिळणारी योग्य गाडी एकच, मारुती ऑम्नी! हसू नका. तीन सिलिंडरचं ७९६ सीसी इंजिन लांबीत बसवलेलं, मागे प्रॉपेलर शाफ्ट आणि शेवटी आख्खा एक्सल. २०१९ मध्ये ऑम्नी बंद झाली, पण भंगारात भरपूर आहेत. ताकद सुमारे ३५ हॉर्सपॉवर, म्हणजे काहीच नाही असं वाटेल. पण हिशोब करा. ऑम्नीचं वजन जवळजवळ ७८५ किलो, म्हणजे टनाला ४५ हॉर्सपॉवर. तेच इंजिन ५०० किलोच्या गाडीत टाकलं तर टनाला ७० होतात. इंजिनला हात न लावता दीडपटीहून जास्त! चॅपमनचं सगळं तत्त्वज्ञान यात आलं. (जुनं इंजिन घेताना पक्की पावती घ्या आणि इंजिन नंबर तिच्यावर लिहून घ्या. पोलीस स्टेशनमध्ये तत्त्वज्ञान चालत नाही.)

आता फ्रेम. हा भाग नीट वाचा, कारण गाडी इथेच बनते किंवा बिघडते.

कुल्फीच्या चार काड्या घ्या आणि टाचण्यांनी चौकोन करा. कोपऱ्यावर बोटाने ढकललं की चौकोन लगेच तिरका होतो. आता पाचवी काडी कोनाकोनी लावा. हलत नाही! त्रिकोणाचा आकार बदलायचा तर एखादी काडी लांब किंवा आखूड व्हावी लागते, नुसतं सांध्यात वळून भागत नाही. हेच तीन मितींत करायचं तर मॅक्सवेलचा नियम आहे : सांध्यांच्या संख्येची तिप्पट वजा सहा एवढ्या काड्या लागतात. खोक्याला ८ कोपरे, म्हणून ३ × ८ − ६ = १८. खोक्याच्या कडा १२ आणि सहा बाजूंना एकेक तिरकी काडी, म्हणजे ६. बरोबर १८. हे गणित पहिल्यांदा जुळलं तेव्हा मी वर्गात एकटीच हसले होते.

पण गाडीत माणूस बसायचा असतो. खोक्याच्या वरच्या बाजूला तिरकी नळी टाकली तर ड्रायव्हर आत शिरणार कसा? म्हणून वरची बाजू उघडी राहते आणि फ्रेम नेमकी तिथेच पिळवटते. सेव्हनमध्ये यावर उपाय असा, की मधल्या प्रॉपेलर शाफ्टभोवतीचा बोगदा त्रिकोणांनी भरायचा आणि तळाला अ‍ॅल्युमिनियमचा पत्रा रिव्हेटने घट्ट बसवायचा. चारी कडांना धरलेला पत्रा तिरक्या नळीचंच काम करतो. तो पत्रा फक्त पाय ठेवायला असतो असं मला आधी वाटायचं.

पाइप आम्ही २५ मिमी चौकोनी, १६ गेजचा घेतला, म्हणजे १.६ मिमी जाडीचा. मीटरला साधारण १.१८ किलो. ६० मीटर लागला तर फ्रेम ७० किलोची. वेल्डिंगला घराजवळच्या ग्रील-गेट करणाऱ्या काकांचं दुकान. त्यांनी मशीन वापरू दिलं आणि बदल्यात मी त्यांच्या मुलीची गणिताची तयारी घेतली.

तळाची चौकट १२०० बाय ९०० ठरवली. मुद्दाम, कारण मग कर्ण नेमका १५०० येतो, तीन-चार-पाचचा त्रिकोण. कापून, मांडून, चारी कोपरे मी एका दमात वेल्ड करून टाकले. तिरकी नळी नंतर टाकू म्हटलं. काकांनी लांबूनच बघितलं आणि म्हणाले, "ताई, ही गुण्यात नाही."

गुण्या म्हणजे काय तेच मला माहीत नव्हतं. आयुष्यभर 'ट्राय स्क्वेअर' म्हणत आले. काकांनी तो लोखंडी काटकोन कोपऱ्याला लावून दाखवला. उजेड दिसत होता. मग दोन्ही कर्ण मोजले. एक १५०५.५ आणि दुसरा १४९४.५. फरक ११ मिलिमीटर. मला वाटलं, एवढ्याशाने काय होतं? घरी जाऊन कोन काढला, तर चौकट ०.४४ अंशाने तिरकी झाली होती. गाडीची रुंदी १२०० धरली तर एका बाजूचं चाक दुसऱ्यापेक्षा ९ मिमी पुढे. अशी गाडी सरळ जात नाही. आयुष्यभर एका बाजूला ओढते आणि टायर खाते.

कारण पुस्तकातलंच होतं. वितळलेला धातू थंड होताना आक्रसतो आणि शेजारच्या नळ्यांना ओढून घेतो. ज्या कोपऱ्यात आधी वेल्ड, तिथे आधी ओढ. उपाय असा : १८ मिमीच्या प्लायवर पूर्ण आकार पेन्सिलने आखायचा, प्रत्येक नळीच्या दोन्ही बाजूंना लाकडी ठोकळे स्क्रूने बसवायचे आणि नळी त्यांच्यात अडकवायची. आधी सगळीकडे नुसते टाके, तिरक्या नळ्यांसकट. मग कर्ण मोजायचे. मग समोरासमोरचे कोपरे आलटूनपालटून, थोडं थोडं वेल्ड करायचं, मध्ये गार होऊ द्यायचं. काकांनी हे सगळं मला दोन वाक्यांत सांगितलं होतं. मी ऐकलं नव्हतं.

प्लायवरचे ते ठोकळे लावताना माझ्या डोक्यात उजेड पडला. किटवाला आपल्याला विकतो काय? पाइप तर कुठेही मिळतो. तो विकतो त्याच्याकडचा जिग. प्रत्येक भोक जिथे हवं तिथेच आहे, प्रत्येक ब्रॅकेट त्याच कोनात आहे, ही खात्री. शेंद्र्याच्या पेटीतला भाग जागेवर बसतो तोही त्याचसाठी. घरी बांधणाऱ्याला पैसे वाचवायचे असतील तर ती खात्री स्वतः तयार करावी लागते, आणि त्याला भागांपेक्षा जास्त वेळ लागतो. माझ्या आठ महिन्यांतले तीन प्लायवरच गेले.

आता जे लिहायचं आहे ते लिहायला जड जातंय. दिवाळीच्या सुट्टीत दुसरी फ्रेम उभी राहिली. गुण्यात होती. पुढचे विशबोन लावले, तात्पुरती चाकं लावली. माझा मामेभाऊ अकरा वर्षांचा. त्याने हट्ट धरला आणि मी त्याला आत बसवून गल्लीत ढकललं. वेग चालण्याएवढा. स्पीडब्रेकरवर पुढच्या डाव्या विशबोनचं ब्रॅकेट फ्रेमवरून सुटलं, नाक खाली बसलं आणि त्याची हनुवटी पुढच्या पाइपवर आपटली. दोन टाके पडले. मामी मला एक शब्दही बोलली नाही.

ते ब्रॅकेट मी कॉलेजच्या लॅबमध्ये नेलं. वेल्डमधून आडवं कापलं, पॉलिश केलं आणि नायटलमध्ये बुडवलं. वरून सुंदर मणी होता, पण खाली ब्रॅकेट आणि वेल्ड यांच्यात एक काळी रेघ. धातू एकजीव झालाच नव्हता, नुसता चिकटला होता. पाइप १.६ मिमीचा, त्याला भोक पडेल म्हणून मी करंट कमी ठेवला होता. पण ब्रॅकेट ३ मिमीचं, ते तापलंच नाही. अशा ठिकाणी करंट जाड भागाच्या हिशोबाने ठेवायचा, आर्कही जास्त वेळ जाड भागावर धरायचा आणि पातळ भागावर फक्त ओढून आणायचा. बारीक पाइपला साध्या रॉडपेक्षा सीओटू वेल्डिंग बरं. दुसरी चूक त्याहून मोठी. ब्रॅकेट मी नळीच्या मध्यावर लावलं होतं, जिथे पातळ भिंत आत दबते. ते जिथे नळ्या एकत्र येतात त्या सांध्याजवळ हवं होतं. कुल्फीच्या काड्यांचा धडा मी वर्गात इतरांना शिकवत होते आणि स्वतःच्या गाडीत विसरले.

ही घटना घडेपर्यंत मी कायद्यावर रागावलेली होते. ही गाडी रस्त्यावर चालवता येणार नाही हे मला माहीत आहे. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ३९ प्रमाणे नोंदणीशिवाय गाडी सार्वजनिक रस्त्यावर आणता येत नाही, ढकलतसुद्धा नेऊ नये असं आता मी म्हणेन. कलम ५२ प्रमाणे नोंदलेल्या गाडीत उत्पादकाच्या मूळ तपशिलाविरुद्ध बदल चालत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टानेही हे स्पष्ट केलं. आणि नवीन गाडी म्हणून न्यायची तर १९८९ च्या नियमांतला नियम १२६. त्यानुसार नमुना गाडी पुण्याच्या एआरएआय किंवा अहिल्यानगरच्या व्हीआरडीईसारख्या संस्थेतून पास व्हावी लागते. हजारो गाड्या काढणाऱ्या कंपनीसाठी ते ठीक आहे. एकच गाडी बांधणाऱ्या मुलीला ते झेपणार कसं? ब्रिटनमध्ये घरी बांधलेली एकटी गाडी तपासून घ्यायची सोय आहे, तशी इथेही हवी असं माझं मत आहे आणि ते अजून बदललेलं नाही.

सांगली जिल्ह्यातल्या देवराष्ट्रेचे दत्तात्रय लोहार आठवतात? भंगारातून, सुमारे ६० हजारांत, किक मारून सुरू होणारी छोटी जीप त्यांनी घरच्यांसाठी बनवली. डिसेंबर २०२१ मध्ये आनंद महिंद्रांनी तिचा व्हिडिओ बघून कौतुक केलं, पण त्याचबरोबर हेही लिहिलं, की नियमांत बसत नसल्याने ती आज ना उद्या थांबवली जाईल. म्हणून जानेवारी २०२२ मध्ये त्यांना बदल्यात बोलेरो देण्यात आली. तेव्हा मला वाटलं होतं, काय हा अन्याय, जीप चालते की! आता त्या जीपकडे बघताना माझं लक्ष आधी तिच्या ब्रॅकेटांकडे जातं.

मग ही गाडी चालणार कुठे? मामांच्या शेतावर, त्यांनी परत बोलावलं तर. शिवाय विद्यार्थ्यांच्या स्पर्धा आहेत. पिथमपूरची बाहा आहे, कोइम्बतूरला फॉर्म्युला भारत होते. त्यांचे गाडीचे नियम वेगळे असतात, तिथे सेव्हनची नक्कल नेता येत नाही. पण गुण्या, जिग आणि ब्रॅकेट तेच. ज्यांना यायचं असेल त्यांनी जरूर टीममध्ये या. तिथे गाडी ट्रॅकवर जाण्याआधी तपासणारे लोक तरी असतात.

सध्या तिसऱ्या फ्रेमचं काम चालू आहे. दोन्ही कर्णांतला फरक १ मिलिमीटरवर आला आहे. ब्रॅकेटचे सहा नमुने त्याच पाइपवर, त्याच करंटवर वेल्ड करून कापून बघितले. चारांत काळी रेघ नाही, दोनांत आहे. ती दोन्ही मी संध्याकाळी, कंटाळल्यावर केलेली होती. प्रत्येक चाकावर १२५ किलो येतात आणि खड्ड्यात त्याच्या तिप्पट धरले तर ३७५. म्हणून काकांच्या चेन ब्लॉकला काटा लावून ४०० किलोपर्यंत ओढून बघायचं ठरवलं आहे. मामेभाऊ दर रविवारी फोन करून विचारतो, "ताई, झाली का?" अजून नाही, एवढंच सांगते.