दांडातलं पाणी मोजायचं कसं?



पेंचच्या नहरीचं पाणी आपल्या मौदा भागात धानालाही लागतं आणि उसालाही. पाळी आली की "रात्रभर पाणी चाललं" एवढाच आपला हिशोब. पण महाराष्ट्र सिंचन पद्धतीचे शेतकऱ्यांकडून व्यवस्थापन अधिनियम, २००५ प्रमाणे पाणी वापर संस्थेला पाणी घनफळावर मोजून द्यायचे आहे. संस्थेनं मोजून घ्यायचं आणि आत दांडात अंदाजानं वाटायचं, हे जमायचं नाही. त्यात मारला जातो तो टेलचा ऊसवाला.

दांडापुरतं साधन सोपं आहे. लोखंडी पत्र्यात ९० अंशाची त्रिकोणी खाच कापावी, तिची धार पातळ ठेवावी. पत्रा दांडाला आडवा, पाणसळ लावून बसवावा. बाजूनं, खालून पाणी पाझरू देऊ नये. पलीकडचं पाणी खाचेच्या टोकापेक्षा निदान ५ सें.मी. खाली असावं. धार मोकळी पडली पाहिजे, तिच्या खाली हवा खेळली पाहिजे.

आता मोजपट्टी. इथंच आम्ही एकदा फसलो. पट्टी खाचेतच धरली, १३ सें.मी. आले. खाचेजवळ पाणी वाकून खाली उतरतं हे ध्यानात नव्हतं. मीटरभर मागं संथ पाण्यात मोजलं तर १५! दोन बोटांचाही फरक नाही, पण हिशोबात तासाला सुमारे १३ हजार लिटर गायब. म्हणून पट्टी मागं रोवावी आणि तिचं शून्य खाचेच्या टोकाच्या पातळीत धरावं.

पाणी १० सें.मी. चढलं तर सेकंदाला सुमारे ४.४ लिटर, १५ ला १२, २० ला जवळजवळ २५, म्हणजे एक क्युसेकला थोडं कमी. उंची दुप्पट, पाणी साडेपाच पटीहून जास्त! एकराला ७.५ सें.मी. ओलीत द्यायचं तर ३ लाख लिटर लागतात. १५ सें.मी. वर ते ७ तासांत होतं, १० वर १९ तास. मग तासांवर पाळ्या वाटणं कितपत न्यायाचं, ते ज्याचं त्यानं बघावं.

खाचेमागं गाळ साचला की पाणी वेगानं येतं आणि माप चुकतं; दर पाळीला गाळ काढावा. धानाच्या बांध्यांसारख्या सपाट जागी धार पडायला उतारच मिळत नाही. तिथं खाचेचा हट्ट धरू नये, पार्शल फ्ल्यूम बसवावा. त्याला कमी उतार चालतो आणि गाळही वाहून जातो.